धुऱ्यावरचं गवत

बापू गेल्याचा फोन आला तेव्हा मी कारंज्याले लेकीकडे होते, तुरीची डाळ निवडत. "बरं," म्हणून फोन ठेवला, उरलेली डाळ निवडली, डबा भरला, मग लेकीले सांगितलं. दीड महिना होत आला, अजून तसंच आहे... रडू येत नाही. ताईचं मन दगडाचं झालं, म्हणतात लोक. असेल बा.

बापू माझा धाकटा भाऊ. किन्हीराजा गावाजवळ आमची शेती, अन् तो शाळेत मास्तर. मी शाळा पाहिली नाही. तो मोठ्यानं पेपर वाचायचा, त्याच्या बोटामागं बोट फिरवत मी अक्षरं शिकले. आंतरराष्ट्रीय कायदा हा शब्दही तसाच शिकले. बापूचं ते एकच वेड. म्हणायचा, एक दिवस असा येईल की दोन देश भांडले तर फौजा निघणार नाहीत. दोघं जगाच्या कोर्टात जातील अन् हरलेला गुमान घरी येईल.

शेजारचे शेतवाले गुलाबराव त्याची खेचायचे. "मास्तर, त्या कोर्टापाशी पोलीस किती?"

"एकही नाही."

"मंग त्याचं कोण ऐकीन? काहून लेकरायले येडं करून राह्यले?"

"आपल्या धुऱ्यावर कोणता पोलीस उभा हाय, गुलाबराव? तरी तुमचं ट्रॅक्टर तिथूनच वळते ना?"

धुरा म्हणजे दोन शेतांमधली गवताची पट्टी. आजोबांच्या वेळेपासून तिथला चारा एक साल आम्ही कापायचा, एक साल त्यांनी. कागद नाही, साक्षीदार नाही. बापूची सगळी आशा त्या हातभर पट्टीवर उभी होती.

शेवटच्या भेटीत तो टीव्हीसमोर बसला होता. कुठल्याशा देशात दवाखान्यावर बॉम्ब पडला होता. त्यानं आवाज बंद केला. "ताई, दवाखान्यावर टाकायचा नाही हे लिहून ठेवलेलं हाय. सगळ्यायनं सह्या केल्या." मग रिमोट बाजूले ठेवला. "मी येडाच निघालो काय वं?"

"जेवून घे," मी म्हणाले, "भाकर थंडी होऊन राह्यली." तो जेवला.

तेरवीनंतर शेतात गेले. सोयाबीन निघालं होतं, धुऱ्यावर गवत कमरेएवढं. पलीकडे गुलाबरावांचा बैल दावं ताणून गवताकडे तोंड करून उभा.

"न्या कापून," मी म्हटलं. "आता आमच्याकडे कोण कापते?"

"यंदा मास्तरची पाळी हाय."

"मास्तर राह्यला कुठं आता?"

"ते मले ठाऊक हाय, ताई. पण पाळी त्याचीच हाय." अन् गुलाबराव बैल सोडून दुसरीकडे बांधायले घेऊन गेले.

हे बापूले सांगायले पाहिजे... एवढंच मनात आलं. रडू तेव्हाही नाही.

मी आता इथंच राहते, त्याच्या घरी. त्याचा विळा दाराआड खुंटीले आहे, मुठीवर त्यानं गुंडाळलेली सायकलच्या ट्यूबची पट्टी तशीच. जाता-येता दिसतो, हात लावला नाही. तिकडे धुऱ्यावर गवत पिवळं पडून राह्यलं आहे. कोणी राखत नाही, अन् कोणी कापतही नाही.