चिकूच्या शेडमधले प्रेक्षक

मसोलीतल्या एका कार्यक्रमात एकपात्री करताना मी दुसऱ्याच वाक्याला थांबले, नमस्कार केला आणि स्टेजवरून खाली उतरले. लोकांना वाटलं संपलं. त्यांनी टाळ्या वाजवल्या. एवढ्या मनापासून टाळ्या मला त्यानंतर कधी मिळाल्या नाहीत.

तलासरीला एकपात्रीची स्पर्धा होती तेव्हा आत्याने परस्पर माझं नाव देऊन टाकलं. या वेळीही उतरले असते तर पुन्हा कधी चढले नसते, हे मला माहीत होतं. सल्ले भरपूर मिळाले. आरशासमोर बोल. समोर कोबीचे गड्डे बसलेत असं समज. आरशात मी स्वतःलाच घाबरले, आणि कोबीबद्दल मला आधीपासूनच काही आत्मीयता नाही.

शेवटी नरपडच्या आमच्या वाडीत, चिकू निवडायच्या शेडमध्ये सराव सुरू केला. तिथे पाच बायका ढिगाभोवती बसून लहान-मोठे चिकू वेगळे करतात. त्या मान वर करत नाहीत. माझ्यासारखीला याहून चांगले प्रेक्षक कुठे मिळणार?

माझं पात्र म्हणजे कासा गावाला जाणाऱ्या खच्चून भरलेल्या जीपमध्ये बसून फोनवर अख्खं लग्न मोडणारी बाई. ती शेजारणीला म्हणायची, "कृपया थोडी जागा करून देता का?" यावर पाचांतली सगळ्यात म्हातारी मावशी चिकू चाचपत म्हणाली, "ही बाई जीपमध्ये बसलेय का कलेक्टरच्या हापिसात?"

इंग्रजी माध्यमाची सगळी फी त्या एका प्रश्नात वाया गेली. मी "सरक गं" असं केलं. कंटाळा आला की बायका आपसात बोलायला लागायच्या. ती वाक्यं मी गुपचूप कापायचे. आवडलं तर त्यांचे हात थांबायचे. दोन आठवड्यांत हात चार ठिकाणी थांबायला लागले आणि मी स्वतःला कलाकार समजायला लागले.

एक गोष्ट मात्र सुचली नव्हती. तलासरीच्या हॉलमध्ये कुणीच चिकू निवडत नव्हतं. सगळे माझ्याकडे बघत होते, हार गळ्यात घालून अवघडलेले पाहुणेसुद्धा. पहिलं वाक्य गेलं. दुसरं आलंच नाही. माझे हात नमस्कारासाठी जुळायला लागले.

तेवढ्यात चौथ्या रांगेत मावशी दिसली. तिचं गाव तिथून जवळच. तिने माझ्याकडे एकदा पाहिलं, पिशवीतून वालाच्या शेंगा मांडीवर घेतल्या आणि मान खाली घालून सोलायला लागली.

मी तिच्या हातांकडे बघून म्हणाले, "सरक गं."

पुढचं सगळं त्या हातांना सांगितलं. ते चारदा थांबले. नंतर कळलं की हॉलही हसत होता. बक्षीस मिळालं नाही. ते एका देशभक्तीपर रडण्याला गेलं.

दुसऱ्या दिवशी शेडमध्ये मी मावशीचे आभार मानायला गेले. किती वेळेवर मान खाली घातलीत, वगैरे. तिने हातातला चिकू निवडून टाकला.

"तुझ्यासाठी कशाला घालू, बाय? रात्री भाजी करायची होती," ती म्हणाली. "पण तुझ्यापायी अर्ध्या शेंगा तशाच राहिल्या."