संकासुराच्या कानात

पडदा वर जातो तेव्हा समोर एक अंगण आहे. कालच सारवलेलं, अजून शेणाचा ओलसर वास असलेलं. मधोमध तुळस. उजव्या हाताला जांभ्या दगडाचा गडगा आणि गडग्यापलीकडे कैऱ्या धरलेली कलमं. उजेड फाल्गुनातल्या सकाळचा, पिवळाधमक, कुठल्याही दिव्याला न साधणारा. लांब सहाणेवर, म्हणजे देवीची पालखी जिथे बसते त्या चौथऱ्यावर, पोरं ढोल शेकवत आहेत. मधूनच एखादी थाप पडते आणि हवेत विरून जाते.

पायरीवर एक बाप बसला आहे. त्याच्या दोन गुडघ्यांच्या मध्ये, पाठमोरी, त्याची मुलगी. बाप तिची वेणी घालतो आहे.

बापाचं नाव हरिश्चंद्र. जयगडच्या खाडीकाठी राहणारा, बंदरात कंत्राटदाराकडे मालाच्या ट्रकांवर ताडपत्री बांधणारा. त्याने मारलेली गाठ घाट चढून कोल्हापूर गाठेपर्यंत सैल पडत नाही, असं ड्रायव्हर लोक सांगतात. पण पोरीच्या केसांना ती गाठ काही केल्या मान्य नव्हती.

"बाबा, ट्रक बांधतोस काय?" सानवी ओरडली.

"हलू नको गो."

"आई तीन पेडांची घालते. तुझे दोनच हायत."

"मग तिसरा कुठं गेला?"

"तुझ्या तोंडात."

खरंच, हात कमी पडले म्हणून तिसरा पेड त्याने दातात धरला होता. सानवी खो खो हसली. हरिश्चंद्रही हसला आणि पेड सुटला, सगळी वेणी उसवली. पुन्हा पहिल्यापासून.

शाळेला शिमग्याची सुट्टी होती. नाहीतर अशी उसवलेली सकाळ त्याला परवडली नसती. सुट्टीतलं घर मात्र त्याला खायला उठत होतं. शाळा असली की पोर निदान अर्धा दिवस बाईंच्या हवाली असते. आता ती दिवसभर त्याच्या मागे मागे, आणि तिच्या प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'आई'.

राजश्री, सानवीची आई, मुंबईला होती. थंडीत तिच्या पोटात दुखायला लागलं. चिपळूणच्या डॉक्टरांनी तपासून गाठ आहे म्हणून सांगितलं, मुंबईला न्या म्हणाले. राजश्रीचा भाऊ डोंबिवलीत राहतो, त्याने धावपळ करून मोठ्या दवाखान्यात दाखल केलं. हरिश्चंद्र तिला पोचवून, चार दिवस राहून परत आला. कुणीतरी पोरीजवळ हवंच होतं.

सानवीला त्यांनी खरं सांगितलं नव्हतं. त्याला कारण होतं. आदल्या पावसाळ्यात तिची आजी रत्नागिरीच्या दवाखान्यात गेली ती परत आली रुग्णवाहिकेतून, पांढऱ्या कपड्यात. तेव्हापासून दवाखाना हा शब्द काढला तरी सानवी कानांवर हात ठेवायची. राजश्रीनेच एसटीत बसताना नवऱ्याला बजावलं होतं, "तिच्यापुढं दवाखान्याचं नाव काढू नका. मामीला बरं न्हाय, तिला बघायला गेलेय म्हणून सांगा. शिमग्याला पालखी येईपर्यंत मी येतेच."

तो तसंच सांगत आला. रोज तेच, रोज थोडं जास्त. मामीला आता बरं वाटतंय. मामीने आईला थांबवून घेतलं. आई पालखीला येणार. आणि आदल्या दिवशी मामाचा फोन आला: राजश्रीच्या अंगात रक्त कमी आहे, ते भरल्याशिवाय ऑपरेशन नाही. शिमग्याचं विसरा, भावोजी.

आज पालखी होती. आज तिला सांगायलाच हवं होतं. त्यासाठीच तो पहाटे उठला होता, त्यासाठीच वेणी घालायला बसला होता. तोंडाकडे न बघता सांगता येईल म्हणून.

"बाबा, आई आज कुठल्या गाडीने येणार?"

हरिश्चंद्राने रिबिनीची गाठ मारली, सोडली, परत मारली.

"बघू," तो म्हणाला.

"बघू म्हणजे न्हाय."

"बघू म्हणजे बघू. मला बंदरात ड्यूटी हाय. गोदाकाकीकडं बस."

"सणाला पण ड्यूटी?"

"ट्रकांना कुठला सण?"

सानवीने रिबिनीचं टोक बोटाला गुंडाळलं. मग हळूच म्हणाली, "संकासूर आला तर? आई मला धरून ठेवते."

"काकी धरेल."

"काकीच पळते त्याला बघून!"

शेजारच्या गडग्यावरून गोदाकाकीचा आवाज आला, "ऐकतेय हां मी! पळत न्हाय, गुडघे दुखतात म्हणून आत जाऊन बसते!"

हरिश्चंद्र उठला. पायांत चपला सरकवल्या आणि वाटेला लागला. मागे वळून बघायचं त्याने टाळलं.

बंदराकडे तो गेलाच नाही. करवंदीच्या जाळ्यांमागून वळून तो देवळाच्या पाठीमागे पोचला. तिथे धोंडू काळा झगा घेऊन थांबला होता. वाडीचा संकासूर म्हणजे हरिश्चंद्र होता.

ज्यांनी कोकणातला शिमगा पाहिला नाही त्यांना सांगायला हवं. संकासूर पालखीच्या पुढे नाचत चालतो. पायघोळ काळा झगा, डोक्यावर सुळक्यासारखी उंच काळी टोपी, ती हनुवटीच्या खालपर्यंत उतरलेली, डोळ्यांपुरती दोन भोकं आणि खाली पांढरी लांब दाढी. कमरेला घुंगरं, हातात दोरी. त्या दोरीचा फटका पाठीला लागला की पीडा जाते, अशी श्रद्धा. मोठी माणसं त्याच्यापुढे नवस बोलतात, पोरं त्याला बघून माळ्यावर चढतात. आत कोण आहे हे पोरांना कधी सांगायचं नाही. आणि टोपी चढली की संकासुराने बोलायचं नाही. पालखी सहाणेवर परत बसेपर्यंत एक अक्षरही नाही. हा मान हरिश्चंद्राच्या घराकडे आजोबांपासून होता. त्याच्या बापाच्या तळपायात एकदा बाटलीची काच घुसली, तरी त्याने हूं केलं नव्हतं. रक्ताची पावलं उमटवत तो सगळी घरं नाचला होता. मी मी म्हणणाऱ्या नटाला जमणार नाही असं ते काम.

धोंडू ढोल वाजवायचा. दोघे एका शाळेत एका बाकावर शिकलेले.

"वहिनी कशी हाय?" कमरेची घुंगरं आवळत त्याने विचारलं.

"ऑपरेशन पुढं गेलं."

"आणि पोरीला सांगितलंस?"

"न्हाय."

"अरे मेल्या, मग कधी सांगणार? ती आज दारात आईची वाट बघत उभी राहील."

"माहीत हाय."

"मग?"

हरिश्चंद्राने मान खाली केली. "टोपी घाल," तो म्हणाला.

टोपी चढली आणि जग दोन भोकांएवढं झालं. दरवर्षी आत गुदमरायला व्हायचं. या वर्षी पहिल्यांदा त्याला आत बरं वाटलं. आता कुणी काही विचारणार नव्हतं, आणि विचारलं तरी उत्तर द्यायचं नव्हतं.

ढोल घुमला. पालखी निघाली. मुंबईहून आलेले पुतणे, भाचे मोबाईल वर धरून नाचत होते. संकासूर अंगणा-अंगणातून उड्या मारत, दोरी फिरवत चालला. पोरं किंचाळत होती, बायका नारळ देत होत्या. एका म्हातारीने त्याच्या झग्याला हात लावून गुडघ्यासाठी नवस बोलला. सगळं दरवर्षीसारखं. मग त्याचंच अंगण आलं.

दरवर्षी या अंगणात एक छोटासा प्रवेश व्हायचा. त्याचे प्रेक्षक दोघंच. राजश्री दारात उभी असायची, एका हाताने पदराआड सानवीला धरून. दुसऱ्या हाताने ती संकासुराच्या ओटीत नारळ घालायची, वाकून पायांवर हात ठेवायची आणि उठताना, कुणाला ऐकू जाणार नाही असं, पुटपुटायची, "भात निवेल हां. लवकर या." आत हरिश्चंद्राचं हसू दाढीत अडकायचं. लग्न झाल्यापासून एकही शिमगा तिने हे वाक्य चुकवलं नव्हतं.

आज दारात कुणी नव्हतं. गोदाकाकीने अंगणात पाट ठेवून पालखीची पूजा केली, नारळ दिला, आणि बोलल्याप्रमाणे गुडघ्यांचं निमित्त करून आत सरकली. संकासुराने अंगणात एक गिरकी घेतली. रिकाम्या दाराकडे त्याला बघवेना. तो वळणार, तेवढ्यात झग्याला खालून ओढ बसली.

सानवी होती. वेणी पुन्हा उसवलेली, ओठ पांढरे पडलेले. पण झगा मुठीत घट्ट धरलेला.

पोरंबाळं लांब पळाली. धोंडूने ढोलाचा हात हलका केला. सानवीने पुन्हा झगा ओढला, तसा संकासूर वाकला. घुंगरं थांबली. आपल्या अंगठ्याचं काळं पडलेलं नख हिने ओळखलं तर, म्हणून हरिश्चंद्राने पायाची बोटं झग्याच्या घेराखाली ओढून घेतली. पण ती पायांकडे बघतच नव्हती. ती टोपीवर, कान असेल असं तिला वाटलं तिथे, तोंड लावून बोलत होती.

"तू बोलत न्हाईस ना, म्हणून तुला सांगते. माझी आई मामाकडं न्हाय. ती दवाखान्यात हाय. ती फोनवर बोलते तेव्हा मागून एक बाई सारखी 'सिस्टर, सिस्टर' म्हणते. मामाच्या घरात कुठली सिस्टर? आणि मामी पण मध्ये बोलली, तिला काय झालेलं न्हाय. तू आईला बरं कर. आणि बाबांना सांगू नको मला कळलंय ते. ते मोरीत नळ सोडून रडतात. त्यांना वाटतं मला ऐकू येत न्हाय. त्यांना आणखी रडायला येईल." तिने श्वास घेतला. "भात करपवतात, पण मी खाते. ते पण सांगू नको."

आणि मग ती पाठ वळवून, डोळे गच्च मिटून उभी राहिली. फटक्याची वाट बघत.

रंगभूमीवर वाक्य विसरण्यासारखं मरण नाही म्हणतात. वाक्य आठवतंय, जीभ शाबूत आहे, समोरचं माणूस आपल्या रक्ताचं आहे आणि बोलायचं नाही, त्याला काय म्हणायचं? त्या टोपीच्या आत हरिश्चंद्र एवढा एकटा होता की बाहेरचा ढोल त्याला खाडीपलीकडून आल्यासारखा वाटला. मान हलवावी? मग ते देवाच्या नावाने वचन झालं, आई बरी होईल म्हणून. ते त्याच्या हातात नव्हतं. झटकून चालू पडावं? तेही जमेना. दोरी उचलायची ती उचलवेना.

"काय रे, संकासूर दमला काय!" मुंबईच्या पोरांतून कुणीतरी ओरडलं. "सरबत द्या त्याला!"

माणसं हसली. धोंडू हसला नाही. त्याने हात थांबवून एकदा मित्राकडे पाहिलं, आणि मग पालखीवाल्यांकडे वळून, पालखी उचला म्हणून मोठी थाप मारली, तसं लोकांचं लक्ष पालखीकडे गेलं. तेवढ्या वेळात संकासुराने दोरी काखेत धरली आणि उघडा तळवा सानवीच्या डोक्यावर ठेवला. असं संकासूर करत नाही. पण तसा नियमही कुठे नाही.

तिने डोळे उघडेपर्यंत तो पुढच्या घराकडे गेला होता.

उरलेली घरं तो कशी नाचला हे त्याला सांगता येणार नाही. दाढी आतून भिजून हनुवटीला चिकटली होती. ऊन कलताना पालखी सहाणेवर बसली, गावाच्या वतीने देवीपुढे गाऱ्हाणं झालं, आणि देवळामागे धोंडूने टोपी उतरवली. धोंडूने त्याच्या तोंडाकडे एकदा पाहिलं. पाण्याचा तांब्या पुढे केला आणि लांब जाऊन बिडी ओढत बसला.

हरिश्चंद्राने राजश्रीला फोन लावला. मागे खरंच कुणीतरी 'सिस्टर' म्हणून हाका मारत होतं. इतके दिवस त्याला ते कसं ऐकू आलं नव्हतं?

"झाली पालखी?" तिचा आवाज लांबून आल्यासारखा. "कुणी ओटीत नारळ घातला?"

"गोदाकाकीने."

"भात?"

"निवला असेल."

ती हसली, आणि हसताना तिला दुखलं असावं, कारण मध्येच थांबली. सानवीने जे संकासुराला सांगितलं ते संकासुराचं होतं. ते राजश्रीला सांगायचा हक्क त्याला नव्हता. आपलं तेवढं बोलायचं.

"आज सानूला खरं सांगतो," तो म्हणाला.

"अहो, घाबरेल ती."

"न्हाय घाबरायची."

वॉर्डात कुणीतरी पुन्हा 'सिस्टर' म्हणून हाक मारली. मग राजश्री म्हणाली, "सांगा. मग फोन तिच्याकडं द्या. मी जागीच हाय."

घरी आला तेव्हा दिवेलागण झाली होती. गोदाकाकी आपल्या घरी निघाली होती. जाता जाता म्हणाली, "पोरगी आज संकासुराशी बोलली रे. मी आतून बघितलं. काय बोलली ते देवाला माहीत." सानवी पायरीवर बसली होती, मांडीवर कंगवा.

"ट्रक बांधलेस?" तिने विचारलं.

"हो."

"संकासूर आला होता. मी घाबरले न्हाय."

"काय मागितलंस त्याच्याकडं?"

"ते सांगायचं नसतं." तिने कंगवा पुढे केला आणि पाठ वळवून त्याच्या गुडघ्यांमध्ये बसली, सकाळसारखी. "घाल. या वेळी तीन पेडांची."

हरिश्चंद्राने कंगवा घेतला. केसांत कुठेतरी अबीर अडकला होता. अंगणात उजेड संपत आला होता, खाडीवर बंदराचे दिवे लागले होते. त्याने कंगवा पायरीवर ठेवला, दोन्ही खांद्यांना धरून तिला आपल्याकडे वळवलं, तिचं तोंड आपल्या तोंडासमोर येईपर्यंत. ती त्याच्याकडे बघत राहिली, ओठ घट्ट मिटून, जणू आता तिच्याही डोक्यावर टोपी होती.

"सानू," तो म्हणाला, "आई मामाकडं न्हाय गो."