बारशापुरता पाळणा

आमच्या घरातला पाळणा चित्रशाळेच्या संग्रहात गेला तो माझ्यामुळे. पन्नासच्या दशकातली गोष्ट. मी अंधेरीच्या एका लहानशा खासगी चित्रशाळेत शिकत होते. शाळा एका जुन्या बंगल्यात भरायची. बंगल्याच्या मागच्या लांब व्हरांड्याला काचा बसवून तिथे कलाकुसरीच्या वस्तू मांडल्या होत्या. बिदरी सुरई, काश्मिरी डब्या, कच्छी भरतकामाचे तुकडे, पदर विरलेली एक पैठणी. नक्षीकामाच्या तासाला आम्ही त्यांच्यासमोर चटया टाकून बसायचो आणि वेलबुट्टी कागदावर उतरवून घ्यायचो. सर, म्हणजे शाळेचे मुख्याध्यापक, या वस्तू हौसेने गोळा करत. एकदा त्यांनी वर्गात विचारलं, “कोकणातलं लाखेचं काम कुणाच्या घरी आहे का?” मी हात वर केला.

पाळणा आईच्या माहेरचा, सावंतवाडीकडचा. तांबड्या लाखेवर पिवळी-हिरवी वेल, कोपऱ्यांना कातीव खुंट, वर बाळाला खेळवायला टांगलेलं लाकडी पोपटांचं चिमणाळं. दादा आणि मी त्यातच वाढलो. दादाचं लग्न झालं तेव्हा आईने तो स्वच्छ पुसून आतल्या खोलीत आढ्याला टांगला. लवकरच लागेल, असं तिने धरलं होतं. तो लागला नाही. वर्षं गेली. दादा-वहिनी त्याच खोलीत झोपायची आणि पाळणा त्यांच्या डोक्यावर लटकत असायचा. त्याच्याबद्दल कुणी बोलत नसे. काढून ठेवावा तर त्याचाही अर्थ निघेल, म्हणून काढायलाही कुणी धजत नव्हतं.

सरांचा प्रश्न मी घरी सांगितला तेव्हा आई चटकन म्हणाली, “दिवन टाक.” वहिनी चुलीपाशी भाकरी थापत होती. ती थापतच राहिली. दुसऱ्या दिवशी दादाने आणि मी पाळणा हातगाडीवर घालून शाळेत पोचवला. घरी परतलो तर वहिनी त्या खोलीचं आढं झाडून काढत होती.

सरांनी पाळणा व्हरांड्याच्या मधोमध एका लाकडी चौथऱ्यावर ठेवला. त्याच्या वेलीवरून मी दोन-तीन नमुने केले. एक बरा उतरला. बाकी काही विशेष वाटलं नाही. घरातली वस्तू रोज शाळेत दिसते याची सवय झाली.

पुढच्या वर्षी वहिनीला दिवस गेले. पहिल्यांदा कुणाचा विश्वासच बसेना. तिच्या माहेरी करणारं कुणी उरलं नव्हतं, त्यामुळे बाळंतपण इथेच झालं. मुलगी झाली. वहिनी फार अशक्त होती, म्हणून बारसं सव्वा महिन्यानंतर करायचं ठरलं. ते ठरलं त्याच दुपारी आईने नऊवारीचा पदर खोचला आणि मला म्हणाली, “चल गो तुझ्या शाळेत.”

सर व्हरांड्यातच होते. आईने पाळण्याच्या कडेवर हात ठेवला आणि सरळ सांगितलं, “मास्तरांनू, माझो पाळणो माका परत होयो. घरात नात इली हा.”

सर आधी हसले, अभिनंदन केलं. मग अडखळले. “बाई, तुम्ही म्हणता ते खरं आहे. पण विश्वस्तांचा नियम आहे. संग्रहात आलेली वस्तू शाळेबाहेर जात नाही. मी स्वतःसुद्धा नेऊ शकत नाही.”

“पाळणो पोराक असता,” आई म्हणाली. “हंय कोण निजता त्येच्यात?”

मी बिदरी सुरईकडे बघत राहिले. माझी परीक्षा जवळ आली होती आणि दोघांपैकी एकालाही दुखवायची माझी तयारी नव्हती. अखेर वातावरण हलकं करायला सर म्हणाले, “पाळणा बाहेर जात नाही हो, पण बाळाला आत यायला काही बंदी नाही.”

“बरा तर,” आई म्हणाली. “बारसा हंयच करूया.”

सरांना तसं म्हणायचं नव्हतं, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. पण शब्द तोंडातून निघून गेला होता. शिपायाला बोलावून त्यांनी रविवारी बंगला उघडा ठेवायला सांगितलं.

वहिनीला हे मी सांगितलं तेव्हा ती बाळाला पाजत होती. “वन्सं, मी इतकी वर्षं त्याच्याखाली झोपले,” ती म्हणाली. “वर बघितलं की नुसतं बूड दिसायचं.” यायला नको असेल तर तसं आईला सांगते, असं मी म्हटलं. ती म्हणाली, “नको. येते मी.”

रविवारी आमच्या चाळीतल्या बायका, दादा आणि आम्ही शाळेत गेलो. पुढच्या व्हरांड्यात बंगल्याच्या मूळ मालकांचा झोपाळा होता. शिपायाने आणि दादाने तो उतरवून त्याच कड्यांना पाळणा टांगला. सर त्यांच्याभोवती “जपून, जपून” करत फिरत होते. बायकांनी झेंडूची माळ बांधायला घेतली तेव्हा ते दोन पावलं पुढे आले आणि मग मागे सरले.

वहिनी पायऱ्या चढून आली आणि पाळण्यापाशी थांबली. तो आता तिच्या कमरेइतक्या उंचीवर होता. तिने आत वाकून पाहिलं. आतल्या फळ्यांवर कमळं काढलेली होती. इतक्या वर्षांत तिला ती दिसली नव्हती, आणि ती आहेत हे तिला सांगावं असं आमच्यातल्या कुणाला कधी सुचलंही नव्हतं. तिने एका कमळावरून बोट फिरवलं आणि मग बाळ आईच्या हातात दिलं.

बायकांनी बाळाला पाळण्याखालून, वरून एकमेकींच्या हाती दिलं. गाणी झाली. आत्या म्हणून मी बाळाच्या कानात नाव सांगितलं आणि पाठीत बायकांचे गुद्दे खाल्ले. बाळाला आत ठेवल्याबरोबर ते असं रडायला लागलं की थांबेना. सरांना घुगऱ्यांचा द्रोण दिला होता. तो हातात धरून ते एका कोपऱ्यात उभे होते. बाळाला उचलून घेतल्यावर ते आईजवळ आले आणि हलक्या आवाजात म्हणाले, “मी विश्वस्तांशी बोलतो. काहीतरी मार्ग निघेल. घेऊन जा तुम्ही.”

आईचा चेहरा फुलला. ती काही बोलायच्या आत वहिनी म्हणाली, “नको. इथंच राहू दे.”

आईने तिच्याकडे पाहिलं. लग्न होऊन आल्यापासून वहिनीने आईचं म्हणणं असं चारचौघांत मोडलं नव्हतं. दादा चपला शोधायला पायऱ्या उतरला. बायका घुगऱ्या बांधून घ्यायला लागल्या.

घरी जाताना मी वहिनीला विचारलं, एवढा चांगला पाळणा, तुम्ही नको का म्हणालात?

“परत टांगला असता, तर माझी नजर परत वर गेली असती,” ती म्हणाली. “मला आता खाली बघू दे.” बाळ तिच्या खांद्यावर झोपलं होतं.

आईचा रुसवा काही दिवस टिकला. मग तिनेच आपल्या जुन्या मऊ लुगड्याची झोळी बांधली, आणि मुलगी त्यात मोठी झाली. पुढे गावाहून कुणी पाहुणे आले की आई त्यांना अंधेरीत दाखवण्यासारखं म्हणून चित्रशाळेतला आपला पाळणा बघायला घेऊन जायची. सर खुर्च्या मागवायचे, चहा द्यायचे. मी तोवर परीक्षा पास होऊन एका छापखान्यात नोकरीला लागले होते, त्यामुळे त्या भेटींना नसायचे. काय बोलणं व्हायचं ते आई कधी सांगत नसे. एवढंच म्हणायची की मास्तर माणूस चांगला आहे, पण त्यांच्याकडचा चहा फार गोड असतो.