आखाडात आलेली तारीख

बोकडाचं आतडं बोटावर घेऊन ती मोजा उलटावा तसं आतून बाहेर करायची. कुणी नाक मुरडलं तर म्हणायची, "पावणं, उलटं केल्याबिगर आत काय हाय कसं कळायचं?"

मटण मार्केटच्या दारात ती ही आतडी, म्हणजे वजडी, धुऊन विकायची. शेजारी माझी पाटी, कोथिंबीर, आलं आणि लिंबांची. पंचवीस वर्षं अशीच गेली. इतकी स्वच्छ वजडी तुम्ही कोल्हापुरात दुसरीकडं खाल्ली असेल तर मला दाखवा. माझं निम्मं गिऱ्हाईक तिच्याकडूनच उठून यायचं.

एका वर्षी तिला परसाकडला रक्त जायला लागलं. मूळव्याध समजून दोन महिने ताक पीत बसली. शेवटी मी तिला राजारामपुरीत डॉक्टरकडं नेलं. त्यानं खालून दुर्बीण घातली. मोठ्या आतड्यात लिंबाएवढा मांसाचा कोंब निघाला. तुकडा तपासला, कॅन्सर नव्हता. ठेवला तर होईल, म्हणाला.

काढायचे रस्ते दोन. पोट उघडून आतड्याचा तेवढा भाग कापायचा आणि टोकं जोडायची, नाहीतर दुर्बिणीतूनच तारेच्या फासानं कोंब तुकड्या-तुकड्यानं काढायचा.

"पोट फाडा," ती म्हणाली. "आतनं खरवडलं की आतडं फाटतंय. माझ्या हातात रोज फाटतंय."

डॉक्टर हसला नाही. "मावशी, आधी कोंबाखाली सुईनं पाणी सोडतो. तो फुगून वर येतो, मग तार लावतो. तरी भोक पडू शकतं, रक्त येऊ शकतं. तसं झालं तर ऑपरेशन."

ती मला म्हणाली, "पाणी भरलं की आतड्याचा पदर सुटतोय खरा. ह्याला आतडं कळतंय की गं."

"पण मुळाशी थोडं राहू शकतं," डॉक्टर म्हणाला. "सहा महिन्यांनी परत बघायलाच हवं. येणार नसाल तर ऑपरेशनच बरं."

"येतो की! ही आणती मला."

मी मान डोलावली.

काम नीट झालं. आठवड्यात ती पाटीवर बसली. सहा महिने भरले ते आखाडात. आखाड म्हणजे आमचा हंगाम. पुढं श्रावणात मार्केटकडं कोण फिरकत नाही. "श्रावणात जाऊ," ती म्हणाली. मीही जाऊ म्हटलं. श्रावणात ती लेकीच्या बाळंतपणाला कुरुंदवाडला गेली. पुढं रक्त नाही, दुखणं नाही. आणखी दोन आखाड तसेच गेले.

मग पुन्हा रक्त दिसलं. कोंब त्याच जागी वाढला होता. आता तो कॅन्सर होता आणि यकृतापर्यंत पोचला होता. आतडं तुंबलं, तेव्हा पोट उघडावंच लागलं.

दवाखान्यात तिनं विचारलं, "अक्का, तवाच फाडलं असतं तर?"

"तारखेला गेली असतीस तरी भागलं असतं."

"मग वडून का न्हाय नेलंस?"

"आखाडात तू न्हाय बसलीस तर माझी कोथमीर कोण घेणार?"

खरं होतं ते सांगितलं. ती हसायला लागली, पोटावर उशी दाबून. "हसवू नगंस सटवे, टाकं दुखत्यात."

दिवाळीच्या आत ती गेली. तिच्या जागेवर आता अंडीवाला बसतो. जुनी गिऱ्हाइकं अजून थांबतात, मावशी कुठं गेल्या म्हणतात. मेली, मी सांगते. कशानं, विचारलं तर तेही सांगते.

"तारखेला गेलो न्हाय. दोघीबी."