पूलआईचा कौल

पूर ओसरला की आमच्या दगडी पुलाच्या खांबांना काटक्या, चिंध्या, एखादी चप्पल अडकून राहते. किस्स्यांचंही तसंच. उदगीरच्या अलीकडच्या या निजामकाळच्या पुलाला टेकून माझा मित्र बाबाराव याचं चहाचं हॉटेल आहे. मी तिथं रोज बसतो, म्हणून बरेचसे किस्से मलाच येऊन अडकलेत. काही मी स्वतः प्रवाहात सोडलेत, ते वेगळं.

*

एकदा कॉलेजची पोरं पुलाचे फोटो काढायला आली. "काका, सिमेंट नसताना दगड जोडले कशानं?"

मी म्हणालो, "चुन्यात गूळ, बेलफळाचा गर आणि उडदाची डाळ."

पोरं भराभर लिहून घेऊ लागली. बाबाराव आतून म्हणाला, "आन् फोडणी कशाची, ते बी सांगा की मालक."

*

मग शेजारच्या नव्या पुलाच्या कामावरचे इंजिनिअर साहेब आले. माणूस चांगला. खाली पात्रात नेऊन त्यांनी आम्हाला कमान दाखवली. "हे दगड एकमेकांना रेटतात. माथ्यावरचा मधला दगड दोन्ही बाजूंना दाबून धरतो. जितका भार, तितकी कमान घट्ट."

बाबाराव म्हणाला, "म्हंजे आमच्या भावकीसारखं. एकमेकाला रेटतेत म्हणून उभे हाईत."

साहेब खूप हसले. चहा पिता पिता सांगूनही गेले, की नवा पूल झाला की हा पाडायचा आणि दगड भरावाला वापरायचा. म्हणजे पुलाबरोबर हॉटेलही गेलंच.

*

"देवाला कुणी हात लावत नाही," एवढंच मी म्हणालो. कमानीच्या माथ्यावरच्या दगडाला शेंदूर लाव, असं सुचवलं. बाबारावाचा हात तिथं पोचेना. त्यानं हॉटेलाशेजारच्या कठड्याच्या दगडाला फासला.

काही दिवसांत तिथं नारळ फुटू लागले. बाया विचारायच्या, "कोनती देवी हाय ओ?"

"पूलआई," बाबाराव सांगायचा. चेहरा एकदम गंभीर.

ट्रकवाला युसूफभाई तर जाता-येता हॉर्न वाजवू लागला. मी कारण विचारलं. म्हणाला, "रोड पे सबसे बनाके रखना पडता, भाई."

*

नवा पूल तयार झाला. हा पाडायच्या दिवशी पोकलेन आलं. ऑपरेटर हदगावचा. शेंदूर बघून त्यानं मशीन बंद केलं. "आधी कौल लावू."

दगडाला दोन ओली फुलं चिकटवायची. उजवं आधी पडलं तर देवीचा होकार, डावं पडलं तर नकार. फुलं बाबारावानं लावली. डावं टपकन पडलं. ऑपरेटर निघून गेला. साहेबांनी दुसरा आणला. तोही म्हणाला, "आधी कौल लावू." पुन्हा डावंच. साहेबांनी नाद सोडला.

डाव्या फुलाखाली तेल होतं, एवढं मला माहीत आहे. भज्याचं.

*

पूल वाचला, पण गाड्या नव्या पुलावरून जाऊ लागल्या. गिऱ्हाईक आटलं. तिकडं एकानं बाबारावाला चांगली जागा देऊ केली. बायकोनं भांडी बांधून ठेवली. मी म्हणालो, "जा बाबा. मी तिकडं येत जाईन."

"देवीला इचारतो आन् जातो," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी बघतो, तर हॉटेल तिथंच. चूल पेटलेली, भांडी परत फळीवर.

"काय झालं रे?"

"डावं पडलं."

"अरे, शेंदूर तुझा, देवी तुझी, तेल तुझं. मला काय शिकवतोस?"

त्यानं चहाचा कप माझ्यापुढं ठेवला.

"मालक, ह्या खेपेला तेल मी उजव्याला लावलं होतं."