पिवळ्या डबीची हाक

बंदराच्या वरच्या टेकडीवर एक भलीमोठी अँटेना होती आणि तिच्याखालच्या खोलीत हेडफोन लावून बसणाऱ्या माणसाला सगळं बंदर कानसेन म्हणत असे. गाण्यातलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं. त्याचं काम वेगळं होतं. प्रत्येक होडीवर एक पिवळी डबी असे. होडी संकटात सापडली की डबीचं बटण दाबायचं. हाक वर उपग्रहाकडे जायची आणि तिथून खाली याच्या कानात. मग हा बचावपथकाला हाकलून हाकलून समुद्रात पाठवायचा.

त्याच्या धाकट्या बहिणीने तर या भरवशावर लग्नच केलं. होडीवाल्याला मुलगी द्यायला आई तयार नव्हती. "वर दादा बसलाय ना," एवढंच ती म्हणाली आणि आईचा विरोध मावळला.

मग प्रादेशिक अंतराळ कमांड स्थापन झाली. आकाशाचीही राखण करायला हवी, असा वरच्या कोणाला तरी साक्षात्कार झाला आणि राखणीला नेमकी हीच अँटेना सापडली. बँड वाजला, फीत कापली गेली. भाषणात 'सुरक्षा' हा शब्द इतक्यांदा आला की ऐकणाऱ्यालाच धास्ती वाटावी. आत काय चालतं ते बाहेर बोलायचं नाही, असा सगळ्या जुन्या लोकांना सज्जड दम मिळाला.

कानसेनला मात्र मनापासून आनंद झाला. नवी यंत्रं आली, हुशार तरुण मंडळी आली. त्यांच्यातल्या मेजरने त्याला अगत्याने चहा पाजला.

"काका, आम्हाला परक्या उपग्रहांवर नजर ठेवायचीय," मेजर म्हणाला. "या अँटेनावर आणखी काय काय येतं, ते तुमच्याइतकं कोणाला माहीत असणार?"

कानसेनच्या अंगावर मूठभर मांस चढलं. डबीची हाक कुठल्या फ्रिक्वेन्सीवर येते, वादळात ती कशी चिरकते, सगळं त्याने सांगितलं. तोंडाने आवाजसुद्धा काढून दाखवला. मेजर जिवाचा कान करून ऐकत होता आणि शेजारची ऑपरेटर ते कॉम्प्युटरमध्ये भरत होती.

"झालं काका. आता या डब्यांची काळजी मिटली."

याने ते आपल्या अर्थाने घेतलं. जन्मभर ऐकण्याची नोकरी केलेला माणूस तो. कोणी एखाद्या आवाजाची इतकी चौकशी करतो ती ऐकण्यासाठीच, याखेरीज दुसरं काही त्याच्या डोक्यात आलंच नाही.

त्यानंतर लवकरच त्याला फाटकावर बसवलं. येणाऱ्यांचे मोबाइल जमा करून घ्यायचे, जाताना परत द्यायचे.

"दादा, तू इथे, मग वर ऐकतं कोण?" बहिणीने विचारलं.

"माझ्याहून तिखट कानांची माणसं आहेत गं. मी स्वतः समजावून दिलंय त्यांना."

वादळ आलं तेव्हा बाकीच्या होड्या कशाबशा किनाऱ्याला लागल्या. तिच्या नवऱ्याची लागली नाही. बचावपथक बसून राहिलं, कारण कोणाची हाकच आली नव्हती. वादळ ओसरल्यावर होडीच्या फळ्या तेवढ्या सापडल्या.

कानसेनने मेजरला फाटकातच गाठलं.

"साहेब, त्या दिवशी डबीची हाक आली होती का?"

"कुठली डबी? अच्छा, ते होय. तुम्हीच तर ओळखून दिलात. पहिल्याच दिवशी गाळून टाकलं ते. फार मध्ये मध्ये यायचं."

"म्हणजे आली होती?"

"आली असेलही. आम्हाला दिसत नाही आता."

"साहेब, त्यात माणसं असतात."

मेजरचा चेहरा पडला. वाईट माणूस नव्हता तो. "ते सुरू करायला वरची परवानगी लागेल. विचारतो मी," म्हणाला. परवानगी अजून आलेली नाही.

बहीण आली ती फाटकाजवळच्या बाकावर मटकन बसली. कानसेन खुर्ची सोडून तिच्याजवळ गेला. सांगायचं म्हणून त्याने तोंड उघडलं, पण तीच आधी बोलली.

"त्यांनी बटण दाबलंच नसणार, दादा. महा आळशी माणूस. दाबलं असतं तर तुम्ही लोकांनी ऐकलं असतं ना?"

त्या सज्जड दमाचं निमित्त पुढे करू नये कोणी. तो भ्याला तो बहिणीच्या डोळ्यांना.

"हो," तो म्हणाला. "ऐकलं असतं."

तेव्हापासून ती मेलेल्या नवऱ्याच्या नावाने बोटं मोडते. होड्या निघायच्या वेळी धक्क्यावर जाते आणि एकेका होडीवाल्याला बजावते, "डबीचं बटण वेळेवर दाबा रे. वर माझ्या दादाची माणसं बसलीत."