काशाची वाटी आणि काळे तळवे

सुनेनं नोकरी सोडून पायाला लावायचं मलम करायला घेतलं, तेव्हा मी तोंडावर म्हणालो, "पाय धुवून झोपलं की झालं. मलम कोण विकत घेतंय?" तिनं ऐकून घेतलं आणि माझ्या टाचा बघितल्या. माझा जन्म बंगळूरच्या पीण्या भागातल्या कारखान्यात लेथवर उभं राहण्यात गेला. टाचा अशा फुटल्यात की चादरीचे धागे अडकतात.

"बाबा, पहिलं गिऱ्हाईक तुम्हीच," ती म्हणाली.

मग काय, डाव्या पायाला एक मलम, उजव्याला दुसरं. तिळाचं तेल, राळ, कडुलिंब, कोकमाचं तेल, सगळ्या फ्लॅटभर वास. एक मलम रव्यासारखं कणीदार झालं. एक इतकं चिकट, की मी उठलो आणि चप्पल पायाबरोबरच उठली.

"हे मलम नव्हे, बेअरिंगचं ग्रीस आहे," मी सांगितलं.

ती हसायची आणि परत पातेलं चढवायची. समोरच्या दारातली कानडी अक्का दुसरी गिऱ्हाईक. तिच्याही टाचा माझ्यासारख्याच. ती रोज विचारायची, "अण्णा, आज कुठला पाय?"

राळेचं मलम गार पाण्यात घोटून पांढरं करायचं असतं. सून ते मिक्सरमधून काढायची, आणि तेल एकीकडं, पाणी एकीकडं. बेळ्ळंदूरच्या आमच्या सोसायटीत रविवारी बाजार भरतो. तिथं तिनं टेबल सांगून ठेवलेलं, आणि हातात धड एक डबी नाही. शुक्रवारी तिनं पातेलं सिंकमध्ये ठेवलं. "या रविवारी नाही जमलं तर परत नोकरी बघते, बाबा." या खेपेला ती हसली नाही.

माझी बायको हे मलम काशाच्या वाटीत बोटांनी घोटायची. मग त्याच वाटीच्या बुडानं माझे तळपाय घासायची. घासलं की काशाचं काळं तळव्याला लागतं. ती म्हणायची, अंगातली उष्णता निघाली. आणि मी तसाच उठलो की ओरडायची, "पाय पुसल्याबिगर फरशीवर येऊ नका."

ती गेल्यापासून वाटी तिच्या लुगड्याच्या तुकड्यात बांधून माझ्या कपाटात होती. मीसुद्धा सोडली नव्हती. सुनेला ठाऊक होतं. कपाट पुसताना ती गाठोडं उचलायची आणि होतं तिथंच ठेवायची. एकदाही मागितलं नाही तिनं. मागितलं असतं तर मी नाही म्हणालो असतो.

शनिवारी सकाळी मी गाठ सोडली. वाटी ओट्यावर ठेवली. "मिक्सर ठेव बाजूला. हातानं घोट."

ती वाटीकडं बघत राहिली. "बाबा, नक्की?"

"घोट म्हटलं ना. परत विचारलंस तर उचलून ठेवीन."

ती घोटत बसली. पाणी ओतून टाकायचं, नवं घ्यायचं, परत घोटायचं. दुपारपर्यंत लोण्यासारखं पांढरं मलम वर आलं. मी अक्काला हाक मारली. तिनं टाचेला मलम लावलं, वाटीनं घासलं, आणि तळवे तव्यासारखे काळे झाले.

"अय्यो, हे काय?"

"उष्णता," मी म्हणालो.

"काशाचा रंग आहे, अक्का. धुतला की जातो," सून म्हणाली.

अक्का खुशीत तशीच अनवाणी गेली, लिफ्टनं खाली आणि परत वर. पांढऱ्या फरशीवर काळी पावलं थेट आमच्या दारापर्यंत. वॉचमन तक्रार घेऊन आला आणि जाताना स्वतःच्या टाचा दाखवून गेला. रात्रीपर्यंत सून घोटत राहिली आणि डब्या भरल्या.

रविवारी टेबलामागं सून, पुढं स्टुलावर मी. "पाय पुढं करा," एवढंच बोलायचो. कॉम्प्युटरवाली पोरं, त्यांच्या आया, सगळे बूट काढून रांगेत. वाटी या पायावरून त्या पायावर फिरत होती. मला वाटलं होतं जिवाला लागेल. लागलं नाही. हातानं ती गरम झाली होती, पूर्वी व्हायची तशी.

डब्या संपल्या. घरी आल्यावर वाटी घासून चहाच्या भांड्यांशेजारी फळीवर ठेवली सुनेनं. लुगड्याचा तुकडा मी घडी करून उशाखाली ठेवला. मग वाटी परत खाली काढली, नमुन्याच्या डबीच्या तळाला उरलेलं मलम घेतलं आणि माझे पाय घासले. काळे झाले. गॅलरीत जावं म्हणून उठलो.

स्वयंपाकघरातून आवाज आला, "बाबा, पाय पुसा आधी."

मी पुसले नाहीत. ती परत ओरडेपर्यंत थांबलो.